आडून मारणें न्याय्य आहे काय?

कांहीं प्रश्न ग्रंथांत वाचीत असतांना दूरचे वाटतात; तेच एखाद्या दिवशीं आपल्या दिवाणखान्यांत येऊन उभे राहिले म्हणजे त्यांस उत्तर देणें भाग पडतें. आमच्या बाबतींत असा एक प्रश्न अक्षरशः उभा राहिला, आणि तोही एका कापडी तंबूच्या रूपानें.

ठाण्याच्या उत्तरेस, खाडीच्या अंगाला, कोलशेत म्हणून गांव आहे. गांव म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें. आगरी-कोळ्यांचीं घरें, देवळें, रेतीबंदर हीं नांवें अद्याप तोंडांत आहेत. पण भोंवतीं उंच इमारतींची दाटी झाली आहे, आणि त्यांपैकींच एकींत आमचें बिऱ्हाड आहे. एका बाजूच्या खिडकींतून खाडी दिसते, दुसऱ्या बाजूच्या खिडकींतून घोडबंदर रस्त्यापलीकडचे येऊरचे डोंगर दिसतात. अमेरिकेंत स्थायिक झालेला आमचा एक भाचा गेल्या हिवाळ्यांत चार दिवस राहावयास आला, तेव्हां आमचा पक्षी पाहण्याचा छंद लक्षांत ठेवून त्यानें एक भेट आणली होती. चपटी पिशवी उघडून त्यानें आंतील घडी मोकळी केली मात्र, आणि छत्री उघडावी तसा झटका बसून दोन माणसें सहज मावतील असा चौकोनी तंबू खोलीच्या मध्यभागीं उभा राहिला. बाहेरून पानाफांद्यांचें चित्र, आंतून काळाकुट्ट, आणि चारी बाजूंस लहान लहान झरोके. घरांतील मुलें तत्काळ आंत शिरलीं.

"ह्यांत बसून खाडीवरचे पक्षी बघा, मामा," भाचा म्हणाला. "पण खरें सांगायचें तर हें लपण पक्ष्यांसाठीं केलेलें नाहीं. तिकडे आम्ही ह्यांत बसून हरीण मारतों, आणि तेंही धनुष्यबाणानें."

कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं. नंतर आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "मारायचें तर मार बाबा, तुमच्या देशाची रीत असेल. पण लपून कशाला? समोर उभें राहून कां नाहीं मारीत?"

ह्या एका प्रश्नांत शिकारीविषयींची आमच्या समाजाची सारी नीति सामावलेली आहे असें आम्हांस वाटतें. मारणें एक वेळ क्षम्य, परंतु आडून मारणें नीच. शत्रूस हांक द्यावी, मग शस्त्र उचलावें. ज्याला मारावयाचें त्याला निदान मारणाऱ्याचें तोंड दिसावें. ही भावना इतकी खोल रुजलेली आहे कीं तिचें कारण विचारण्याची आपणांस कधीं गरज भासत नाहीं. भाच्यानें तें कारण विचारलें, आणि त्याचें उत्तर आम्ही येथें विस्तारानें देत आहों. कारण तें सबब म्हणून दिलेलें नव्हतें, विचार करून दिलेलें होतें.

तो म्हणाला, बंदुकीची गोळी दुरून मारते. बाणाचें तसें नाहीं. बाण आघातानें मारीत नाहीं, रक्तस्रावानें मारतो. त्याचें धारदार पातें दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलें तर जनावर थोड्याच क्षणांत कोसळतें. तेंच पोटांत किंवा मांडींत शिरलें तर जनावर तासन् तास तडफडतें, आणि पुष्कळदां शिकाऱ्याच्या हातीं न लागतां झुडपांत कुजून मरतें. म्हणून धनुर्धरास वीस-पंचवीस पावलांच्या आंत यावें लागतें. हरणाचें नाक, कान व डोळे ध्यानीं घेतां उघड्यावर इतक्या जवळ येणें जवळजवळ अशक्य. शिवाय दुसरी एक अडचण आहे. आजच्या उत्तम धनुष्यांतून सुटलेला बाण सेकंदास सुमारें ९० मीटर जातो, पण आवाज सुमारें ३४० मीटर जातो. हरीण २० मीटरांवर असेल तर दोरीचा टणत्कार सेकंदाच्या सतराव्या हिश्शांत त्याच्या कानीं पोहोंचतो. बाणाला पांचव्या हिश्शाहूनही थोडा अधिक वेळ लागतो. बिथरून कान टवकारलेलें हरीण तेवढ्या अवधींत उडी घेण्यासाठीं खालीं दबतें, आणि फुप्फुसावर रोखलेला बाण भलत्याच ठिकाणीं लागतो. निश्चिंतपणें चरत असलेलें हरीण इतक्या तत्परतेनें दबत नाहीं.

"म्हणजे काय, मामी," तो म्हणाला, "समोर उभा राहिलों तर मी शूर दिसेन, पण हरीण तीन दिवस मरत राहील."

मग त्यानें लपणाची रीत सांगितली. हंगामापूर्वीं कांहीं आठवडे तंबू हरणांच्या वाटेशीं नेऊन ठेवावयाचा, भोंवतीं डहाळ्या खोंवावयाच्या, आणि हरणांना त्याची संवय होऊं द्यावयाची. आंत बसतांना काळे कपडे घालावयाचे व अंधाराच्या बाजूस मागें सरकून बसावयाचें. पाठीमागचे झरोके बंद ठेवावयाचे, नाहीं तर मागील उजेडावर माणसाची आकृति उठून दिसते. वारा कोठून कोठें वाहतो हें पाहिल्यावांचून पाऊलही टाकावयाचें नाहीं. इतकें करून पुष्कळदां दिवसभर कांहींच येत नाहीं. आणि हरीण आलें तरी तें आडवें उभें राहीपर्यंत दोरी सोडावयाची नाहीं. हंगामांत त्याला एखादें हरीण मिळतें, आणि त्याचें मांस घरांत हिवाळाभर पुरतें. पूर्व अमेरिकेंतील बहुतेक भागांतून लांडगे आणि पूमा माणसानें केव्हांच संपविले. विसाव्या शतकाच्या आरंभीं दुर्मिळ झालेलीं पांढऱ्या शेपटीचीं हरणें कायद्याच्या संरक्षणाखालीं वाढत जाऊन आज कोट्यवधि झालीं आहेत. तीं शेतें खातात, रानांतील कोंवळीं रोपें उठूं देत नाहींत, आणि रस्त्यांवर मोटारींखालीं मरतात. तेथें शिकाऱ्यानें वाघाचें काम थोडेंफार उचललें आहे, असें त्याचें म्हणणें.

पाश्चात्त्य शिकाऱ्यांनीं ह्या विषयाचा विचार केलेला नाहीं असें नव्हे. थिओडोर रूझवेल्ट व त्यांचे मित्र ह्यांनीं १८८७ मध्यें बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला, आणि जनावरास निसटण्याची वाजवी संधि मिळाली तरच ती शिकार खरी, हें तत्त्व त्या मंडळींनीं पुढें आणलें. तत्त्व उदात्त आहे, आणि त्यानें पुष्कळ कत्तल थांबली. तथापि बारकाईनें पाहतां हा नियम शिकाऱ्यांचा आपसांतील आहे. संधि, बरोबरी, डाव हे शब्द खेळाचे आहेत, आणि खेळांत स्वेच्छेनें उतरलेल्यासच ते लागू पडतात. हरीण ह्या खेळांत उतरलेलें नाहीं. त्याला जगावयाचें आहे. निसटण्याची संधि त्यास नको असें कोण म्हणेल? पण पोटांत रुतलेला बाण घेऊन निसटणें ही संधि नव्हे. मारणाऱ्याचें तोंड पाहून मरण्यांत त्याला कोणता मान वाटणार? तो मान मारणाऱ्याचा आहे. समोरासमोरची नीति हरणासाठीं नसून आपल्या स्वतःच्या प्रतिमेसाठीं आहे, एवढें तरी भाच्यापुढें आम्हांस कबूल करावें लागलें.

परंतु कबुली दिल्यानें मनाचें समाधान होत नाहीं. सौभाग्यवतींचा प्रश्न फार जुना आहे. तो वालीनें विचारलेला आहे. दुसऱ्याशीं झुंजण्यांत मी गुंतलों असतां, तुझा कांहीं अपराध केला नसतां, दृष्टीआडून मला मारण्यांत कोणता धर्म, असें मरणोन्मुख वाली रामचंद्रांस विचारतो. वाल्मीकींच्या किष्किंधाकांडांत रामचंद्रांनीं अनेक उत्तरें दिलीं आहेत: भावाच्या पत्नीचा अपहार, सुग्रीवास दिलेलें वचन, दंड करण्याचा इक्ष्वाकूंचा अधिकार. त्यांतच एक उत्तर शिकारीचें आहे. माणसें फांसे आणि जाळीं लावून, कधीं उघड तर कधीं लपून, मृगांस मारतात व त्यांत दोष मानीत नाहींत. आणि तूं तर शाखामृग. हें उत्तर आम्हांस सर्वांत दुबळें वाटत आलें आहे. 'कां मारलेंस?' असें जो विचारूं शकतो तो मृग राहत नाहीं; त्यास उत्तर देणें लागतें, आणि रामचंद्र उत्तर देत बसले हीच त्या युक्तिवादाची उणीव. पण मृगांविषयीं त्यांत जें गृहीत धरलें आहे तें तरी बरोबर आहे काय?

आमच्या ग्रंथांत आणखी दोन शिकारी आहेत. दशरथ राजा पावसाळ्यांतील रात्रीं सरयूच्या तीरीं अंधारांत दबा धरून बसला. रेडा, हत्ती किंवा दुसरें एखादें श्वापद पाण्यावर येईल म्हणून तो वाट पाहत होता. घडा बुडण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला, आणि शब्दवेधी बाणानें मुनिकुमार मेला. पांडु राजानें मैथुनांत मग्न असलेल्या मृगांच्या जोडीवर बाण सोडले. त्यांतील मृग किंदम नांवाचा ऋषि निघाला. राजा म्हणतो, मृगांस मारणें हा राजांचा धर्मच आहे. ऋषीचें म्हणणें मननीय आहे: मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाहीं, पण ती वेळ टळेपर्यंत तूं थांबावयास हवें होतेंस. दशरथाचा दोष दबा धरण्यांत नाहीं, न पाहतां बाण सोडण्यांत आहे. पांडूचा दोष घाईंत व निर्दयतेंत आहे. ह्या दोघांच्या बाबतींत आडोसा हें पाप ठरलेलें नाहीं. तिन्ही कथांत समान असें एकच आहे: बाण लागल्यावर समोरचा बोलूं लागतो. मेलेल्याला वाचा देऊन कवींनीं मारणाऱ्याकडून जाब घेतला आहे. खरें हरीण बोलत नाहीं. तो जाब मग कोणी घ्यावयाचा?

हा जाब घेण्यांत आमच्या समाजानें न्याय केलेला आहे असें म्हणवत नाहीं. पारधी लोक हरणांस फांसे लावीत. त्यांपैकीं कांहीं शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून हळूहळू कळपाजवळ जात. चालतें-फिरतें लपणच तें. त्या पारधावर त्यांचें पोट होतें. परंतु इंग्रज सरकारनें १८७१ चा कायदा करून ज्या जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग मोकळा केला, त्यांत पुढें पारध्यांची गणना झाली; आणि १९५२ मध्यें तो शिक्का कायद्यानें पुसला तरी लोकांच्या मनांतून पुसला नाहीं. त्याच काळांत संस्थानिक आणि साहेब झाडावरील मचाणावर बसून, शेंकडों माणसांकडून हांका घालवून वाघ मारीत, आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेलीं त्यांचीं छायाचित्रें भिंतींवर लागत. मचाण हाही आडोसाच. बैलाआडचा भुकेला मनुष्य चोर आणि मचाणावरचा तृप्त मनुष्य वीर, हा निवाडा करतांना आम्हीं आडोसा पाहिला नाहीं. आडोशांत कोण बसला आहे एवढेंच पाहिलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली तेव्हां एकाचा षोक गेला, दुसऱ्याचें अन्न गेलें. कायदा आवश्यक होता ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं; परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

भाच्यानें आम्हांस दुसऱ्या दिवशीं आणखी एका पेंचांत धरलें. रविवार होता, आणि त्याच्यासाठीं म्हणून घरीं मटण केलेलें होतें. जेवतां जेवतां तो सहज म्हणाला, "मामी, हा बकरा कोणीं मारला, कसा मारला, पहिल्याच घावांत मेला कीं नाहीं, हें आपल्यांपैकीं कोणाला ठाऊक आहे?" कोणालाही ठाऊक नव्हतें. दुकानाला पडदा असतो, कत्तलखान्याला भिंत असते, आणि आम्ही काळ्या पिशवींतून मांस घरीं आणतों. तोही आडोसाच नव्हे काय? फरक इतकाच कीं भाच्याच्या आडोशांतून त्याला हरीण दिसतें, आणि आमच्या आडोशांतून आम्हांला बकरा दिसत नाहीं. सौभाग्यवतींनीं त्याच्या ताटांत भाकरी वाढली, पण उत्तर दिलें नाहीं. आम्हीही दिलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस कांहीं वर्षांपूर्वींची दुसरी एक रात्र आठवली. वैशाखी पौर्णिमेस, म्हणजे बुद्धपौर्णिमेस, वनखात्यातर्फें पाणवठ्यांवर येणाऱ्या जनावरांची नोंद घेतली जाते; संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊरकडील रानांतही ती होत आली आहे. उन्हाळ्यानें पाणी थोडक्याच ठिकाणीं उरलेलें असतें आणि चांदणें भरपूर असतें, म्हणून ती रात्र निवडतात. दिवस मावळण्यापूर्वीं आम्ही मचाणावर चढलों. पांढरा कपडा नाहीं, अत्तर नाहीं, बोलणें नाहीं. डांस चावत होते, दूर घोडबंदर रस्त्यावरील वाहनांचा घोष अखंड चालू होता, आणि एक रातवा एकसुरी ओरडत होता. मध्यरात्रीच्या सुमारास सांबराची मादी आली, आणि तिच्यामागें पाडस. ती पाण्याशीं थबकली, बराच वेळ कान फिरवीत राहिली, आणि मग मान खालीं घालून पिऊं लागली.

आमच्या हातांत पेन्सिल व कागद ह्यांवांचून कांहीं नव्हतें. तरीही त्या क्षणीं आम्हांस कसलीशी लाज वाटल्याचें आठवतें. तिनें आपल्यापरीनें सर्व दिशा पाहून घेतल्या होत्या आणि येथें कोणी नाहीं असा निर्णय केला होता. तो चुकीचा होता. तिच्या विश्वासाचें आतां काय करावयाचें हें सर्वस्वी आमच्यावर होतें. तिच्याकडून आम्हांस आवर घालणारें कांहींच येणार नव्हतें. ती दचकणार नव्हती, आमच्याकडे पाहणार नव्हती, पळणारही नव्हती. त्याच चांदण्यांत, त्याच मचाणावर, चोरटा शिकारी बसला असता तर त्यालाही ती तशीच दिसली असती.

आमच्या मतें ह्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. आडोसा स्वतः वाईट नाहीं. मतदान आडोशांत घेतात तें मतदारानें निर्भय व्हावें म्हणून, आणि गुप्तदान तर आम्ही श्रेष्ठ मानतों. उलट निनावी पत्र लिहिणाऱ्याचाही आडोसाच असतो. आडोसा करतो तें एकच: दुसऱ्याच्या नजरेचा जो धाक एरवीं आपल्याला आवरतो, तो काढून घेतो. समोरासमोर असतांना आपण पुष्कळसे सभ्य असतों ते समोरच्याच्या डोळ्यांमुळें. ते डोळे नाहींसे झाले म्हणजे आपली स्वतःची जेवढी नीति असेल तेवढीच उरते. म्हणून आडून मारणें उघड मारण्याहून नीच नसलें तरी तें अधिक जबाबदारीचें आहे. जो जाब वालीनें, मुनिकुमारानें, किंदमानें विचारला तो लपणांत बसणाऱ्यानें बाण सोडण्यापूर्वीं स्वतःला विचारला पाहिजे. मी नीट पाहिलें आहे काय? ही वेळ योग्य आहे काय? एका घावांत मरण येईल अशी खात्री आहे काय? आणि सर्वांत प्रथम, हें मारणें अवश्य आहे काय?

पहिल्या तीन प्रश्नांस भाच्यापाशीं उत्तरें होतीं, आणि तीं प्रामाणिक होतीं. चवथ्याचें त्याच्या देशांतील उत्तर आम्ही येथें बसून खोटें ठरवूं शकत नाहीं. येऊरविषयींचें उत्तर मात्र स्पष्ट आहे. येथील रानांत बिबट्या अद्याप आहे. हरणांची संख्या आवरण्याचें काम तो करतो, आणि तोही दबा धरूनच करतो. त्याच्या आडोशास कोणी अधर्म म्हणत नाहीं, कारण त्याला दुसरा मार्ग नाहीं. आम्हांला आहे. ज्याला दुसरा मार्ग आहे त्याचा आडोसा कितीही कुशल असला तरी चवथ्या प्रश्नावर तो अडतो. आणि हाच प्रश्न रविवारच्या ताटापुढेंही उभा राहतो हें आम्ही जाणतों. त्याचें उत्तर अद्याप आम्हांस देतां आलेलें नाहीं. परंतु तो बकरा कसा मेला हें ठाऊक नसणें म्हणजे निर्दोष असणें, ही समजूत तरी आतां आम्हांस बाळगतां येत नाहीं.

भाचा परत गेला. तंबू येथेंच आहे. सकाळीं भरती ओसरली म्हणजे आम्ही तो खाडीच्या कांठीं नेतों, आणि आंत बसून चिखलांत चोंची खुपसणारे पक्षी पाहतों. कधीं एखादा बगळा अगदीं दहा पावलांवर येतो व झरोक्याकडे पाहतो. त्यास आम्ही दिसत नाहीं. अशा वेळीं हात आपोआप मांडीवर स्थिर होतो. सौभाग्यवतींनीं अजून त्या तंबूंत पाऊल टाकलेलें नाहीं. मात्र परवां त्यांनीं मटणवाल्यास प्रथमच विचारलें कीं बकरे कोठें मारतात, आणि कसे.